खोऱ्यातील पाहुणा आणि फळबागेचा हिरवेपणा

निसर्गकवितेचा विचार करताना मराठी समीक्षेने ‘निसर्ग’ ही संज्ञा बहुतांशी गृहीत धरली आहे. डोंगर, झरा, पाऊस, चांदणे हे जसे निसर्गात मोडते, तसेच शेत, मळा, बाग, कुंपण आणि पायवाट हेही त्यातच मोडते, असे मानून समीक्षक प्रतिमांच्या आणि भाववृत्तींच्या विश्लेषणाकडे वळतो. वस्तुतः या दुसऱ्या गटातील एकही गोष्ट आपोआप अस्तित्वात आलेली नसते. त्यातही फळबागेचे उदाहरण विशेष बोलके आहे. सफरचंदाचे झाड बीपासून वाढवले तर ते मूळ झाडासारखे फळ देत नाही; हवी ती जात टिकवायची तर कलमच करावे लागते. म्हणजे बागेतील प्रत्येक झाड हा कोणाच्या तरी हाताचा, सुरीचा आणि पुढच्या पिढीविषयीच्या हिशेबाचा पुरावा असतो. असे झाड कवितेत नुसते ‘हिरवे’ म्हणून येते, तेव्हा ते कोणी पाहिले आहे, हा प्रश्न विचारणे भाग पडते.

रम्य खोऱ्याला भेट देणारा पाहुणा आणि त्या खोऱ्यात राबणारा माणूस यांच्या दृष्टींतील अंतर साहित्यकृतीच्या घाटात कसे उतरते, हे तपासण्यासाठी वेल्समध्ये उगम पावून इंग्लंडच्या सीमाप्रदेशातून वाहणाऱ्या वाय नदीचे खोरे हे अत्यंत सोयीचे उदाहरण आहे. या एका खोऱ्याभोवती कृषिकाव्य, प्रवासवर्णन, भावकविता आणि कादंबरी अशा चारही प्रकारांत महत्त्वाचे लेखन झाले आहे, आणि प्रत्येक प्रकाराने तेथील शेतीची वेगवेगळी वासलात लावली आहे.

यांतील सर्वांत जुने आणि आज सर्वांत कमी वाचले जाणारे लेखन म्हणजे जॉन फिलिप्स याचे १७०८मध्ये प्रसिद्ध झालेले ‘सायडर’ हे दोन सर्गांचे काव्य. व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’चा दुसरा भाग वृक्ष, कलमे आणि द्राक्षवेली यांविषयी आहे, फिलिप्सने तोच वस्तुपाठ हेरफर्डशरमधील सफरचंदांना लावला. जमिनीची पारख, कलम बांधण्याची रीत, फळे गाळून त्यांचे मद्य करण्याची प्रक्रिया हे सारे त्यात मिल्टनी थाटाच्या निर्यमक छंदात सांगितले आहे. ‘रेडस्ट्रीक’ या जातीचा तो विशेष अभिमानी आहे. ही जात सतराव्या शतकात वायकाठच्या होम लेसी येथील लॉर्ड स्कडमोर याने नावारूपाला आणली, अशी परंपरा सांगते. डॉ. जॉन्सनला हा छंद या विषयाला शोभत नाही असे वाटे. पण त्यानेच फिलिप्सच्या चरित्रात एक मार्मिक साक्ष नोंदवून ठेवली आहे. मिलर या त्या काळच्या नामवंत उद्यानतज्ज्ञाने त्याला सांगितले होते की, या विषयावरील अनेक गद्य ग्रंथांत नाही एवढे सत्य या काव्यात आहे. कवितेला मिळालेले हे प्रशस्तिपत्र आजच्या वाचकाला गमतीचे वाटेल. परंतु कवितेतील विधानाची सत्यता बागवानाने तपासावी आणि ती उतरावी, ही शक्यता कृषिकाव्य या प्रकारातच अंगभूत होती. पुढील शंभर वर्षांत ती लोप पावली. कृषिकाव्यात मजूर दिसतोच असे नाही; फिलिप्सचा श्रोता जमीनमालकच आहे. मात्र श्रम दिसतात. झाड हे केलेले झाड आहे, याचा विसर तेथे पडत नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खोऱ्याकडे पाहण्याची जागाच बदलली. बागेतून पाहणारा आता नावेतून पाहू लागला. १७४५च्या सुमारास रॉस येथील एका धर्मगुरूने आपल्या पाहुण्यांना नावेतून नदीची सैर घडवण्यास प्रारंभ केला, आणि पुढे रॉसपासून चेपस्टोपर्यंतचा दोन दिवसांचा जलप्रवास हा एक रूढ परिपाठ झाला. १७७०मध्ये विल्यम गिल्पिनने तो केला आणि १७८२मध्ये त्याचे निरीक्षणपर पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘पिक्चरेस्क’, म्हणजे ज्याला मराठीत ‘चित्रोपम’ म्हणता येईल, त्या सौंदर्यकल्पनेचा हा आरंभीचा ग्रंथ. गिल्पिनचे वैशिष्ट्य असे की, तो आपली आवडनिवड कमालीच्या प्रामाणिकपणे सांगून टाकतो. नांगरटीचे तास आणि डोलणारी पिके काव्यात कितीही मोहक वाटली तरी चित्राला ती मानवत नाहीत, असे तो म्हणतो. चित्रकाराला जमिनीवर माणसाचा हात फिरलेलाच नको असतो. पण मालकीच्या सीमा आखल्याशिवाय आणि शेती केल्याशिवाय गत्यंतर नसेल, तर त्या सीमा होता होईल तो लपलेल्या असाव्यात आणि शेते कुरणांसारखी दिसावीत, अशी त्याची अपेक्षा आहे.

सौंदर्यशास्त्राच्या इतिहासात इतके उघड विधान दुसरे सापडणे कठीण. शेती असू नये असे गिल्पिन म्हणत नाही. ती दिसू नये असे म्हणतो. मालकीलाही त्याचा विरोध नाही. मालकीची रेषा तेवढी डोळ्यांना खुपू नये. नदीकाठच्या भट्ट्यांसाठी तेथेच लोणारी कोळसा पाडला जाई. त्या कोळशाचा धूर डोंगरउतारांवर विरळ पडद्यासारखा पसरतो आणि त्यांच्या रेषा आकाशाशी जोडतो, म्हणून तो धूरही त्याला स्वागतार्ह वाटतो. टिंटर्न येथील मठाच्या भग्न भिंतींची टोके फार नियमित आहेत, हातोडीच्या विवेकी वापराने ती सुधारता येतील, ही त्याची सूचना तर प्रसिद्धच आहे.

परंतु गिल्पिनच्या पुस्तकातील एक प्रसंग त्याच्याच चौकटीत मावत नाही, आणि ग्रंथाचे खरे महत्त्व तेथेच आहे. टिंटर्नच्या अवशेषांत भिकाऱ्यांनी आश्रय घेतला होता. त्यांतली एक वृद्ध, अपंग स्त्री साधूंचे ग्रंथालय दाखवते असे सांगून या मंडळींना पुढे नेते. दोन काठ्यांच्या आधाराने ती कशीबशी सरकत जाते आणि अखेर ज्या ओल्या, अंधाऱ्या कोनाड्यात पोहोचते ते तिचे स्वतःचे बिऱ्हाड असते. तिला ग्रंथालय दाखवायचे नव्हतेच. तिला स्वतःची दैना सांगायची होती, हे गिल्पिनला कळते आणि तो ते लिहितो. येथे खोऱ्यातील रहिवासिनीने पाहुण्याच्या कुतूहलाचा स्वतःसाठी उपयोग करून घेतला आहे. पाहण्याची सूत्रे क्षणभर तिच्या हातात गेली आहेत. गद्य प्रवासवर्णन या सैल प्रकारात असे घडू शकते. निवेदकाची तात्त्विक भूमिका एक सांगते आणि त्याची वही दुसरेच नोंदवते.

या चर्चेत एका घराण्याचा उल्लेख टाळता येत नाही. चित्रोपमतेच्या वादात अग्रभागी असलेल्या रिचर्ड पेन नाइटने १७९४मध्ये ‘द लँडस्केप’ हे काव्य लिहिले. त्याचाच धाकटा भाऊ टॉमस अँड्र्यू नाइट याने १७९७मध्ये सफरचंद आणि नासपती यांच्या लागवडीवर ग्रंथ लिहिला आणि १८११मध्ये हेरफर्डशरच्या फळजातींचा सचित्र कोश प्रसिद्ध केला. कलमांनी टिकवलेली जातही अखेर म्हातारी होते आणि रेडस्ट्रीकसारख्या जुन्या जाती त्यामुळेच खंगत आहेत, असे त्याचे मत होते. विज्ञानाने ते पुढे मान्य केले नाही; पण त्यामागची चिंता खरी होती आणि तिच्यापोटीच त्याने संकराचे प्रयोग केले. एकाच प्रदेशात, एकाच घरात एक भाऊ झाडांची रचना डोळ्यासाठी करतो आणि दुसरा त्यांचे आयुर्मान मोजतो. साहित्येतिहासाने पहिल्याची दखल घेतली आणि दुसऱ्याला उद्यानविद्येकडे सोपवले. ही विभागणी त्या काळाने केलेली नव्हती. ती नंतरच्या विद्याशाखांनी केली.

वर्ड्‌स्वर्थने १३ जुलै १७९८ हा दिनांक शीर्षकात घालून टिंटर्नपासून काही मैल वरच्या बाजूस रचलेली कविता या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. तो १७९३मध्ये या खोऱ्यात आला होता. पाच वर्षांनी बहिणीसह पुन्हा आला. त्या वर्षीच्या ‘लिरिकल बॅलड्स’मध्ये ही कविता शेवटी छापली गेली. नव्वदच्या दशकापासून आपल्याकडील विद्यापीठांतही या कवितेच्या निमित्ताने झालेला वाद परिचित आहे. जेरोम मॅगन याने १९८३मध्ये आणि मार्जरी लेव्हिन्सन हिने १९८६मध्ये असा आक्षेप घेतला की, मठातले भिकारी, नदीकाठचे लोखंडाचे कारखाने, युद्धकाळातील हलाखी हे सारे या कवितेने वगळले आहे आणि त्या वगळण्यावरच तिचे चिंतन उभे आहे. हेलेन व्हेंडलर हिने १९९२मध्ये प्रत्युत्तर देताना भावकवितेला सामाजिक दस्तऐवजाचे निकष लावण्याला हरकत घेतली. दोन्ही पक्षांची मांडणी समर्थ आहे. मात्र दोघांचाही रोख कवितेत काय नाही यावर अधिक आहे. अनुपस्थिती हा फार लवचीक पुरावा असतो. मठ कवितेत नाही हे खरे, पण कवितेची जागाच मठापासून काही मैल वर आहे, आणि भरतीचे पाणी तेथवर पोहोचत नाही अशी टीपही कवीने जोडली आहे. जे दिसत नव्हते ते का सांगितले नाही, हा प्रश्न कवीला फारसा अडचणीत टाकत नाही.

कवीला अडचणीत टाकणारे जे आहे ते कवितेतच आहे. तिचा आरंभीचा परिच्छेद हा शेतीच्या प्रदेशाचा परिच्छेद आहे. त्यात झोपड्यांभोवतीचे जमिनीचे तुकडे आहेत, फळबागा आहेत, कुंपणे आहेत, दारापर्यंत हिरवी असलेली शेतघरे आहेत. कवी एका झाडाखाली विसावून हे पाहतो आहे. फळबागांविषयी तो जे सांगतो ते अत्यंत नेमके आहे: या दिवसांत फळे कच्ची असल्याने बागा एकाच हिरव्या रंगात राईंमध्ये मिसळून गेल्या आहेत. जुलैच्या मध्यावर सफरचंद खरोखरच हिरवे असते. म्हणजे निरीक्षण खोटे नाही. परंतु ते वर्षातील काही आठवड्यांपुरतेच खरे आहे. एप्रिलअखेरीस फुलोऱ्यात आणि सप्टेंबरनंतर तोडणीच्या हंगामात त्याच बागा रानापासून वेगळ्या, माणसांनी भरलेल्या दिसल्या असत्या. खोऱ्याला भेट देणारा पाहुणा सुगीच्या आधी येतो. बाग रानात विरघळते ती त्याच्या येण्याच्या तिथीमुळे.

यानंतरची ओळ अधिक महत्त्वाची आहे. कवी प्रथम कुंपणांच्या रांगा असे म्हणतो आणि लगेच स्वतःला दुरुस्त करतो: या कुंपणाच्या रांगा म्हणाव्यात असे नाहीच, या तर रानभर झालेल्या झाडोऱ्याच्या खेळकर रेघा आहेत. गिल्पिनची अपेक्षा येथे अक्षरशः पुरी झाली आहे. मालकीची सीमा लपली आहे. पण ती लपवण्याची क्रिया वाक्यात उघडी राहिली आहे. केवळ ‘झाडोऱ्याच्या रेघा’ असे लिहिले असते तर वाचकाला कुंपण कळलेच नसते. कवीला ते आधी दिसले, त्याने ते नोंदवले, आणि मग खोडले. खोडलेला शब्दही कवितेत ठेवला. धुराच्या बाबतीत हीच चाल पुन्हा येते. झाडांमधून धुराची वलये वर जाताना दिसतात. त्यांचा उगम अनिश्चित आहे. ते निर्वासित भटक्यांचे असतील, किंवा गुहेत एकटा बसलेल्या एखाद्या विरक्ताच्या धुनीचे असतील. ‘किंवा’ हा शब्द येथे भटक्यांना विरक्तात रूपांतरित करतो. ज्याला घर नाही त्याच्या जागी ज्याला घर नको आहे तो येतो. कोळसा पाडणाऱ्यांचा पर्याय कवीच्या मनात येत नाही. तो गिल्पिनला माहीत होता.

या दोन दुरुस्त्यांना कवितेचे अपयश म्हणायचे की तिचा प्रामाणिकपणा, यावर मतभेद होऊ शकेल. ज्याला केवळ हिरवे आणि शांत असे खोरे हवे होते त्या कवीने हे पहिले, गैरसोयीचे शब्द ठेवले नसते. म्हणून दुसरा पर्याय अधिक ग्राह्य वाटतो. पुढे कविता स्मृतीकडे, मनाकडे आणि शेवटी बहिणीकडे वळते आणि शेतांचा उल्लेख जवळजवळ संपतो. जॉन बॅरेलने १९८८मध्ये बहिणीच्या या स्थानाविषयी कडक प्रश्न विचारले, ते विचारण्याजोगेच आहेत. पण आरंभीचा तो अडखळणारा परिच्छेद गेल्यावाचून हे वळण येत नाही, हे त्याच्या टीकाकारांनी आणि समर्थकांनीही पुरेसे मनावर घेतलेले नाही.

येथे एक मोह होतो. पाहुण्याची दृष्टी अशी दूषित, तर रहिवाशाची दृष्टी निर्मळ असणार, असे मानण्याचा. आपल्याकडे ग्रामीण साहित्याच्या चर्चेत ‘अनुभवाची अस्सलता’ या निकषाने हा मोह चांगलाच पोसला आहे. रॉबर्ट ब्लूमफील्डचे उदाहरण त्याला परस्पर छेद देते. हा लहानपणी शेतावर राबलेला, पुढे लंडनमध्ये चांभारकाम करणारा कवी. ‘द फार्मर्स बॉय’ या १८००मधील काव्याने त्याला अमाप लोकप्रियता दिली. १८०७मध्ये तो वायच्या सहलीला गेला आणि १८११मध्ये त्यावरचे ‘द बँक्स ऑफ वाय’ हे काव्य आले. ज्याचे हात मातीत गेले होते तो कवी या खोऱ्यात आला तो नावेत बसून, रुळलेल्या मार्गाने. आणि त्याचे काव्यही प्राधान्याने सहलीचेच काव्य झाले. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. आयुष्यात प्रथमच मिळालेली विश्रांती तो भोगत होता. परंतु दृष्टी ही जन्माने मिळत नाही, आणि एकदा मिळाली म्हणून प्रत्येक ठिकाणी सोबतही करत नाही, एवढे यातून निश्चित होते.

हा पेच ज्याने सर्वांत स्पष्टपणे ओळखला तो समीक्षक याच खोऱ्याच्या पाणलोटातला होता, हा योगायोग लक्षणीय आहे. रेमंड विल्यम्सचे पँडी हे गाव वेल्सच्या सीमेवर आहे. तेथील होंडू नदी मॉनो नदीला आणि मॉनो पुढे वायला मिळते. राबते गाव हे क्वचितच ‘निसर्गदृश्य’ असते, दृश्य या कल्पनेतच अलगपणा आणि निरीक्षण गृहीत असते, हे ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथातील त्याचे प्रतिपादन आता सर्वपरिचित आहे. त्याची ‘बॉर्डर कंट्री’ (१९६०) ही कादंबरी मात्र आपल्याकडे फारशी वाचली जात नाही, आणि समीक्षेतील हा विचार तेरा वर्षे आधी तेथे अनुभवाच्या रूपात आलेला आहे. लंडनमध्ये शिकवणारा मॅथ्यू प्राइस वडिलांच्या आजारपणामुळे गावी परततो. वडील हॅरी रेल्वेत सिग्नलवर काम करतात, शिवाय बागाईत आणि मधमाश्या सांभाळतात. डोंगरावरून खाली पाहताना मॅथ्यूला उमगते की, गाव सोडताना आपण खोऱ्याचे रूप तेवढे बरोबर नेले आणि तेथील काम विसरलो. आपण पाहुणे झालो. फिलिप्सजवळ मालकाचा हिशेब होता, गिल्पिनजवळ पाहुण्याचा डोळा. मॅथ्यूजवळ या दोन्हींपैकी काहीच धडपणे उरलेले नाही. मातीत हात घालून तो परत रहिवासी होऊ शकत नाही, आणि वडिलांच्या खोलीत बसून निव्वळ पाहुणाही राहू शकत नाही. वर्ड्‌स्वर्थच्या कवितेत एका वाक्यात झालेली दुरुस्ती येथे उलट दिशेने, संपूर्ण कादंबरीभर होत राहते.

मराठीत या प्रश्नाचा शोध घ्यायचा तर बालकवींच्या ‘औदुंबर’पासून आरंभ करावा लागेल. या आठ ओळींच्या कवितेवर जेवढा शब्दव्यय झाला तेवढा फार थोड्या मराठी कवितांच्या वाट्याला आला असेल; आणि त्यातील बहुतेक भाग पाण्यात पाय सोडून बसलेल्या त्या झाडाच्या प्रतीकार्थासाठी, त्यातील औदासीन्यासाठी खर्च झाला आहे. परंतु झाडापर्यंत पोहोचण्यापूर्वी कवितेत पलीकडच्या टेकडीकडे वसलेले चिमुकले गाव आहे, त्याच्यापुढे दाटलेले शेतमळे आहेत आणि त्यांतून जाणारी पांढरी पायवाट आहे. पायवाट पांढरी होते ती रोजच्या ये-जा करणाऱ्या पावलांनी. कवितेत माणूस मात्र एकही नाही. येथे कुंपण आधी दिसून मग खोडले गेलेले नाही. ते मुळातच आलेले नाही, आणि वाटेचा पांढरेपणा तेवढा मागे राहिला आहे. याउलट श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये (१९५२) सुपारी ही शोभेची वस्तू नाही, तिचा व्यापार आहे, आणि नायकाची गावातली पत त्या व्यापाराबरोबर बदलते. पेंडशांचेही वास्तव्य मुंबईत होते, तेही या अर्थाने परतणारे पाहुणेच. ‘प्रादेशिक कादंबरी’ या लेबलामुळे हा भाग झाकोळला गेला. प्रदेशाचे ‘दर्शन’ घडवल्याबद्दल पेंडशांची वाहवा झाली. आगराचा हिशेब कादंबरीच्या संरचनेत कसा काम करतो, हे तपासण्याची निकड फारशी भासली नाही.

वायकाठच्या खालच्या पट्ट्याला १९७१मध्ये विशेष निसर्गसौंदर्याचे क्षेत्र म्हणून अधिकृत दर्जा मिळाला. आज नदीच्या पाणलोटात सुमारे दोन कोटी कोंबड्या पोसल्या जातात असे सांगितले जाते. शेतांवर टाकलेल्या खतातील फॉस्फेट पावसाबरोबर पाण्यात उतरते, आणि मे २०२३मध्ये नदीच्या नैसर्गिक स्थितीचा शासकीय दर्जा ‘प्रतिकूल आणि घसरता’ असा खाली आणावा लागला. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये असलेल्या त्या कोंबड्या नावेतून दिसत नाहीत. दिसते ते उन्हाळ्यात शेवाळाने हिरवे झालेले पाणी. आणि जुलैत आलेल्या पाहुण्याला काठावरच्या बागा, राया आणि नदी हे सारे पुन्हा एकाच रंगाचे वाटण्याची शक्यता आहे.